चिऱ्यावरची फुली

संपादकांचं पत्र आलं : ‘आपला उभा जन्म दगडांत गेला. आमच्या दिवाळी अंकासाठी दगडांवर काहीतरी रंजक लिहावं.’ पत्र वाचून मी आधी चिडलो. दगडात रंजक काय असतं? उभ्या नोकरीत माझ्याशी दगडांवर कुणी धड दोन वाक्यं बोललं नाही. जो तो म्हणायचा, ‘दगड तो दगड, त्यात काय बघायचंय?’ डोक्यात काही शिरत नसलेल्या पोराला मास्तर ‘दगड’ म्हणतात, न पाझरणाऱ्या माणसाला बायका ‘दगड’ म्हणतात. माझी बायको तर जोंधळ्यात खडा सापडला की अजून हाक मारते, ‘अहो, तुमचा पाहुणा आलाय, बघून घ्या.’ चाळीस वर्षं हा एकच विनोद, आणि दर वेळी ती नव्यानं हसते.

मी ओव्हरसियर होतो. खेड्यातले लोक ओव्हरशेर म्हणायचे. वर इंजिनियरसाहेब, खाली मुकादम आणि वडार, आणि मधे दोन्हीकडची बोलणी खाणारा जो असतो तो ओव्हरसियर. रस्ता, मोरी, विहीर, चावडी, शाळा, जे काही दगडावर उभं राहतं ते त्यानं बघायचं. दगड पास करायचा की नापास, हेही त्यानंच ठरवायचं. हा अधिकार दिसायला छोटा आहे, पण तो हातात आला की माणसाची मान आपोआप ताठ होते. माझी झाली होती. तीच गोष्ट सांगतो. रंजक वाटली नाही तर संपादकांना बोल लावा.

मी निपाणीकडचा. आमच्याकडे दगड म्हणजे काळा दगड, दुसरा दगडच नाही. माझे वडील पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायचे. दगड निवडताना ते डोळे मिटून हातोडीनं टोला द्यायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर लाथेनं बाजूला. ‘डोळं फशीवत्यात रं, कान न्हाय फशीवत,’ असं ते म्हणायचे. या एका वाक्यावर मी पुढं इंजिनियरिंगच्या वर्गात गेलो, परीक्षा पास झालो आणि नोकरीला लागलो. वडिलांचं वाक्य खरं होतं, पण काळ्या दगडापुरतं. तेवढं मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता ज्यांना दगड तो दगड वाटतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. दगडांची मूळ घराणी तीन. पहिलं आगीतून आलेलं. आमचा काळा दगड त्यातला. फार फार पूर्वी जमीन फाटून आतला तापलेला रस वर आला, उसाच्या काहिलीतून काकवी उतू जावी तसा पसरला आणि थिजला. त्याच्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. आमच्याकडचे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते यामुळं. दुसरं घराणं पाण्यात साचलेलं. गोकाककडं जा, तिथला दगड म्हणजे जुन्या पाण्याच्या तळाशी बसलेली वाळू. एखादी फरशी उचलली तर तिच्यावर लाटांच्या वळ्या अजून दिसतात, नदीकाठच्या ओल्या वाळूवर असतात तशाच. तिसरं घराणं धर्म बदललेल्यांचं. आधी होता चिखल, पण डोंगरांच्या ओझ्याखाली आणि जमिनीतल्या उष्णतेत दडपून त्याचा झाला पापुद्र्यांचा चकचकीत दगड. वाळूच्या दगडाची झाली गार, जिच्यावर पहारीच्या ठिणग्या उडतात. खानापूरच्या रानात हे सगळं पायाखाली लागतं. काकतीजवळ तर एका टेकाडाच्या या अंगाला काळा दगड आणि त्या अंगाला गार. आमच्या एका मुकादमानं खडी फोडायला दोन्हीकडं सारखीच माणसं लावली आणि गारेकडचा ढीग लहान राहिला म्हणून तिकडच्या माणसांना आळशी ठरवून हाकलून दिलं. मी त्याला हात जोडले.

तर मुद्दा असा की दगड बदलतो. कोणताही दगड. लोकांना हे पटत नाही, आणि मला एका अर्थानं फारच लवकर पटलं. तिथंच घोटाळा झाला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कोगनोळीच्या अलीकडच्या एका गावात चावडी बांधायची होती. तिथल्या पाटलांनी नुकतीच विहीर काढली होती आणि तिच्यातला दगड काठावर ढीग करून पडला होता. दगड काळाच होता, पण अंगात हिरवट झाक. पाटील म्हणाले, ‘ह्योच घाला की जोत्याला. सुरुंग लावून लावून वडार रडकुंडीला आलते, ह्येच्यापरीस घट्ट काय आनणार?’ मी टोला दिला. फार खणखणीत नाही, अगदी बद्दही नाही. पाटलांच्या घरचा तांबडा रस्सा मी दोन दिवस खात होतो. दगड पास केला.

एका पावसाळ्यात त्या जोत्याचा भुगा झाला. काळ्या दगडात कुठंकुठं ती हिरवट माती भरलेली असते. जमिनीत दाबून असते तोवर ती दगडाला धरून ठेवते, उघड्यावर आली की ओलीनं फुगते, उन्हानं आक्रसते आणि दगडाला आतून फोडते. चावडीचा एक कोपरा वीतभर खचला. आमच्या इंजिनियरांना सगळे रावसाहेब म्हणत. ते स्वतः आले. जोत्यातला मूठभर भुगा काढून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला आणि पाटलांसमोर, तलाठ्यासमोर, अख्ख्या गावासमोर मला तसंच उभं केलं. किती वेळ ते आठवत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी खिशात चाकू ठेवायला लागलो. ज्या दगडात चाकू शिरेल तो भिंतीत जाणार नाही, मग तो पाटलाचा असो की देवळाचा. नापास दगडावर चाकूनंच फुली मारायची, म्हणजे ठेकेदारानं तो मागच्या दारानं पुन्हा आणायला नको. पुढच्या चारपाच वर्षांत माझ्या फुलीचा चांगलाच दरारा झाला. मला त्याचा अभिमान होता हे कबूल करतो.

पहिली लढाई सुरू झाली आणि त्याच सुमारास माझी बदली खानापूरच्या बाजूला झाली. गुंजी स्टेशनापासून दोन कोस आत रानात एक वाडी होती. तिथं शाळा व्हायची होती. दगड आणि मजुरी गावानं द्यायची, लाकूड, कौलं, दारं-खिडक्या आणि मास्तर खात्यानं, असा करार. मी फाल्गुनात गेलो. गावाबाहेरच्या माळावर पाचसहाशे चिरे ओळीनं उभे करून ठेवले होते. तांबडे-पिवळे, भोकाभोकांचे, एकाला एक न टेकता, मधे वारा जाईल इतकी जागा सोडून. हा जांभा. बेळगाव शहरच्या निम्म्या भिंती याच्याच आहेत, पण तयार भिंतीवरून माणूस जातो-येतो, बघत नाही. खाणीतून नुकता निघालेला जांभा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

चिरे काढले होते नागू आप्पानं. शेतकरी माणूस, पण सुगी आटोपली की चिरे कापायचा. काळा दगड फोडावा लागतो, जांभा कापता येतो. दोन्हीकडं पातं असलेल्या लांब दांड्याच्या कुदळीनं तो जमिनीतच खाचा पाडायचा आणि साबणाची वडी काढावी तसा चिरा उचलायचा. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची पोरगी सुबी, आठनऊ वर्षांची असेल, चिऱ्यांच्या ओळीतून शेरडं हाकलत होती.

मी चाकू काढला आणि पहिल्या चिऱ्यात खुपसला. अर्धं पातं आत गेलं. टोला दिला तर बद्द, ओल्या भिंतीवर मारावा तसा.

‘नागू आप्पा, हे काय आहे?’ मी म्हणालो.

‘साळंचे चिरे, सायेब.’

‘हा दगड नाही, खरवस आहे!’

तो हसला. मला आणखीच राग आला. ‘आत्ता काडलाय न्हवं सायेब,’ तो म्हणाला. ‘वलं हाय अजून अंग त्येचं. एक पावसाळा भायेर हुबा ऱ्हाऊ दे. पाऊस खाईल, मग ऊन खाईल. दसऱ्याला या आनि बगा. आमी असंच करालोय, माझा बा, आजा, समदे.’

‘पाऊस खाऊन घट्ट झालेला दगड मी अजून पाहिलेला नाही. पीठ झालेला पाहिलाय.’

‘त्यो तुमच्याकडचा काळा असंल. ह्येचा गुण उलटा हाय.’

आता सांगा, रागावू नको तर काय करू? कोगनोळीच्या भुग्यानं भरलेली ओंजळ माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि हा माणूस म्हणतो, एकाच आभाळाखाली एक दगड पावसानं कुजतो आणि दुसरा पावसानं पिकतो. मला वाटलं, गावाला घाई आहे, कच्चा माल गळ्यात मारतायत. मी फुल्या मारायला सुरुवात केली. प्रत्येक चिऱ्याच्या घडीव तोंडावर एकेक, चांगली वीतभर. चाकू इतका सहज फिरत होता की हात थांबेना. दोन दिवस मी तेच करत होतो.

सुबी माझ्यामागून फिरत होती. दुसऱ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं, ‘सायेब, ह्यो कंचा आक्षर?’

‘अक्षर नाही. फुली आहे ती.’

‘म्हंजे काय?’

‘म्हणजे नको.’

ती बोटानं धुळीत फुली काढून बघायला लागली. एक रेघ अशी, एक तशी. जमली तशी माझ्याकडं बघून हसली. मी मान डोलावली असावी. नागू आप्पा लांब उभा राहून ते बघत होता. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘सायेब, वाडीतली पोरं गुंजीच्या साळंला जात्यात. दोन कोस रान हाय, आस्वल हिंडत्यात, पोरीस्नी कोन धाडनार? मी घरात सांगिटलोय, हितं साळा होऊ दे, सुबी पयली बसंल. घरची म्हनत्यात दोन वरसं थांबतो, मग लगीन. येवडं बगा सायेब. पाऊस झाला की बांदाय घेऊया, फुडच्या मिरगाला साळा.’

त्याचा हिशेब सरळ होता. पावसाळाभर चिरे उभे, दसऱ्यानंतर बांधकाम, पुढच्या जूनला शाळा. पोरीला एक वर्षाची सवड उरत होती. आणि मी त्याला म्हणालो, ‘पोरीसाठी म्हणूनच सांगतोय. भिंत तिच्या अंगावर पडू नये.’ केवढं मोठं वाक्य! बोलताना मला स्वतःचाच आदर वाटला होता. आज आठवलं की कान तापतात.

मी रावसाहेबांना लिहिलं, ‘गावाने दिलेले चिरे निकृष्ट, सर्व नापास केले आहेत. वरच्या भागातून काळा दगड रेल्वेच्या मालाच्या वाघिणीने गुंजीपर्यंत आणावा.’ रावसाहेबांचं उलट टपाली उत्तर आलं, ‘आपली दक्षता पाहून समाधान वाटले.’ कोगनोळीनंतर त्यांच्याकडून आलेला पहिला बरा शब्द. ते पत्र मी कितीतरी दिवस खिशात ठेवलं होतं, चाकूच्या शेजारी.

काळा दगड आलाच नाही. लढाई चालू, रेल्वेच्या वाघिणी सगळ्या सरकारी कामाला, आमच्या शाळेच्या दगडाला कोण विचारतो? मी अर्ज केले, स्टेशनमास्तराला भेटलो, तो हसायला लागला. पाऊस सुरू झाला. खानापूरच्या रानातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला मी काय सांगू, आणि ज्यानं नाही पाहिला त्याला सांगून उपयोग नाही. चार महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही.

दसऱ्यानंतर गेलो. चिरे जागच्या जागी उभे होते. रंग गडद झाला होता, काळपट तांबडा. नागू आप्पानं माझ्या हातात हातोडी दिली. मी टोला मारला. खणकन वाजला. वडिलांच्या कानाला शंभर टक्के पटला असता असा. मी दुसऱ्यावर मारला, तिसऱ्यावर मारला, हातोडी उसळून परत यायला लागली. चाकू काढला. आत शिरायचं राहूच दे, टोक तुटलं. तुटलेलं टोक कुठंतरी गवतात पडलं. आणि प्रत्येक चिऱ्यावर माझी फुली होती, चिऱ्याबरोबर तीही पक्की झालेली.

‘बगा,’ नागू आप्पा म्हणाला. ‘आता लिवा की सायेब, चालतंय म्हनून.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

हे का होतं तेही सांगतो, कारण नंतर मी ते नीट समजून घेतलं, नीट म्हणजे फार उशिरा. जांभा हा कुजलेलाच दगड आहे. काळ्या दगडावर, किंवा तिथं असेल त्या दगडावर, युगानुयुगं पाऊस पडतो. विरघळण्यासारखं सगळं धुपून जातं आणि मागं उरतं न विरघळणारं, मुख्यतः लोखंडाचा गंज. जमिनीत ओल असते तोवर तो गंज लोण्यासारखा मऊ. वारा लागला, भिजला, सुकला, पुन्हा भिजला, पुन्हा सुकला की आवळून बसतो, मग सोडत नाही. म्हणजे मी ज्याला खरवस म्हणून नाकारलं तो माझ्याच काळ्या दगडाच्या वंशातला. कुजून जे कुजायचं ते कुजून झालेलं होतं, पावसाला आता त्याचं घ्यायला काही शिल्लक नव्हतं.

आणि संतापाची गोष्ट पुढंच आहे. दिवाळीला निपाणीला घरी गेलो, तेव्हा माळ्यावर माझी वर्गातली काळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. उगाच चाळली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘जांभा खाणीत मऊ असतो, काढल्यावर हवेत कठीण होतो. एक पावसाळा उघड्यावर ठेवून मगच वापरावा.’ खाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ आणि समासात, ‘परीक्षेस महत्त्वाचे.’ बहुधा परीक्षेत ते आलंही असेल, मी लिहिलं असेल आणि मार्कही मिळवले असतील. जे नागू आप्पाला अक्षर न वाचता ठाऊक होतं ते मी पाठ करून, लिहून, पास होऊन विसरलो होतो. आमच्या शिक्षणाला मी तेव्हापासून जी शिवी देतो ती इथं छापता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग लिहायचं होतं पत्र. चुकलो म्हणायचं, विषय संपला. तुम्ही बरोबर आहात. पण खिशात रावसाहेबांचं ते पत्र होतं ना, ‘समाधान वाटले’ वालं. त्याच माणसाला आता कसं लिहू की ज्या दक्षतेचं आपल्याला समाधान वाटलं ती मूर्खपणाची होती? कोगनोळीला वाईट दगड पास केला, गुंजीला चांगला दगड नापास केला. दोन्हीकडून चुकणारा ओव्हरसियर खात्यात कुणी ऐकला नसेल. मी स्वतःला सांगितलं, वाघिणी सुटतील, काळा दगड येईल, शाळा काळ्या दगडाची होईल, कुणाला काही कळणार नाही. महिन्यामागून महिना मी खात्याला लिहीत राहिलो, ‘वाघिणींची व्यवस्था नाही, सबब काम स्थगित.’ त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते इतकं सोपं होतं.

आणखी एक पावसाळा गेला. चिरे माळावर उभेच. त्यांच्यामधून गवत वाढलं.

माघात एक दिवस गुंजी स्टेशनावर नागू आप्पा भेटला. अंगात धुवट सदरा, हातात नारळ आणि कापडाचं बोचकं. मी विचारलं, ‘कुठं निघालास?’

‘बेळगावास्न आलो न्हवं, लुगडं आनाय गेलतो. सुबीचं लगीन ठरलंय. वैशाखात.’

‘एवढ्यात?’ मी म्हणालो.

‘दोन वरसं थांबलाव सायेब. घरच्यांनी शबूद पाळला. साळा कवा हुनार ते तुमास्नीच म्हायीत न्हाय, पोरगी थांबत्या व्हय?’ आवाजात राग नव्हता. रेल्वे उशिरा आली तर माणूस जसं बोलतो तसं बोलला. बोचकं काखेत मारून वाडीच्या वाटेला लागला. राग केला असता, चार शब्द बोलला असता, तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तर द्यायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रावसाहेबांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. फुल्या, चाकू, वही, लपवालपवी, काही ठेवलं नाही. शेवटी लिहिलं, होईल ती शिक्षा मान्य आहे. आठ दिवस रोज स्टेशनावर जाऊन टपाल विचारत होतो. मग उत्तर आलं. एकच ओळ होती, ‘चिरे चालत असल्यास त्यांचेच बांधून घ्यावे.’

बस्स. दीड वर्षं ज्या माणसाच्या भीतीनं मी तोंड शिवून बसलो होतो, त्याला त्या गोष्टीचं एका ओळीपलीकडं काही वाटलं नव्हतं. त्या कागदावर मी इतका भडकलो की टराटरा फाडला, आणि मग काम सुरू करायला तोच दाखवायचा म्हणून तुकडे खळीनं चिकटवले.

बांधकाम भरभर झालं. वैशाखात सुबीची वरात गेली तेव्हा भिंत खिडकीपर्यंत आली होती. गवंडी म्हणाला, जांभ्याला गिलावा करत नाहीत, सांधे भरले की झालं. मी म्हणालो, मग निदान फुल्यांची बाजू आत घ्या. तर नागू आप्पा म्हणाला, ‘चिऱ्याचं एकच त्वांड घडीव असतंय सायेब. त्ये भायेर येनार.’ त्यानं ते मुद्दाम केलं की त्याच्या धंद्याचा नियमच तसा होता, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही उत्तरांची मला धास्ती होती. जूनमध्ये शाळा भरली. पहिल्या दिवशी अकरा पोरगे आणि एकही पोरगी नाही.

नंतर माझ्या खूप बदल्या झाल्या. पूल झाले, विहिरी झाल्या, एकदोन ठिकाणी माझ्या नावानं नारळही फुटले. त्यातलं काही मला इथं लिहावंसं वाटत नाही. पेन्शनीला सहा महिने राहिले असताना योगायोगानं पुन्हा त्याच भागात होतो आणि वाडीच्या शाळेची कौलं बघायला म्हणून गेलो. कौलं गळत होती. भिंतीला केसाएवढीही चीर नव्हती. आणि समोरच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतीवर, जिकडं बघावं तिकडं फुल्या. पोरं आठवणीनं सांगायला आली, ‘सायेब, ह्या फुल्या भुतानं काडल्यात.’

जूनचाच महिना होता, नावं घालायचे दिवस. मास्तर टेबलावर रजिस्टर मांडून बसले होते. एक बाई सातआठ वर्षांच्या पोरीला घेऊन आली. पोरगी आजोळी राहून शिकणार होती, कारण आईच्या सासरच्या गावात अजून शाळा नाही. मास्तरांनी नाव लिहून घेतलं, शाईची उशी पुढं केली आणि म्हणाले, ‘पालकानं अंगठा करा.’

‘अंगठा नगं,’ बाई म्हणाली. ‘टाक द्या हिकडं. मला एक आक्षर येतंय.’

टाक तिनं मुठीत धरला आणि जपून, जीभ दातांत धरून, रजिस्टरात एक फुली काढली. एक रेघ अशी, एक तशी. मग वर बघितलं आणि मी तिला दिसलो.

‘ओव्हरशेर न्हवं तुमी?’ तिला खरंच आनंद झाला होता. ‘मास्तर, ह्येनीच शिकीवलंय मला ह्ये.’ नागू आप्पा जाऊन तीन वर्षं झाली असं तिनंच सांगितलं.

तिची पोरगी टाचा उंचावून रजिस्टरात बघत होती. तिच्या मामेभावाची पाटी तिनं घरी बघितली असणार. ती म्हणाली, ‘आये, ही आक्षर न्हाय गं. गनित चुकलं की मास्तर घालत्यात ही. फुली म्हंजे चूक.’

सुबी हसून तिला गप्प करायला लागली. ‘असं बोलू नगं मोट्या मान्सांम्होरं.’

‘बोलू दे तिला,’ मी म्हणालो. ‘बरोबर सांगतेय ती. चूकच होती.’

मास्तरांनी फुलीवर टीपकागद दाबला आणि पोरीला आत जाऊन बसायला सांगितलं.